बाजूला घेतलेली ट्रॉली

चौथ्या मजल्यावर ट्रॉली होती, पण ट्रॉलीवाली नव्हती.

टॉवेल, चादरी, साबणाच्या वड्या, सगळं जागच्या जागी होतं. ट्रॉली भिंतीला सरळ लावलेली, चाकाची खिट्टीसुद्धा घातलेली. पण हॉटेलच्या मॅनेजरने सकाळी सकाळी पोलिसांना बोलावलं ते काही ट्रॉलीसाठी नाही. ट्रॉलीशेजारच्या खोलीतल्या पाहुण्याचं घड्याळ गेलं होतं, आणि खोली साफ करणारी मुलगी काल दुपारपासून गायब होती. मुलीनेच चोरलं, असं ठरवून मॅनेजर मोकळा झाला होता.

फौजदारबाई एकट्याच आल्या. त्या बहुतेक सगळीकडे एकट्याच जात. घरीही एकट्याच जेवत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, भांडी कमी घासावी लागतात. ऐकणारा हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

मुलगी कामावरच्या बायकांत वयाने सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळ्या धाकटी म्हणत. फौजदारबाईंनी आधी तिचं कपाट उघडायला लावलं. संशय आल्याबरोबर मॅनेजरने त्याला स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. आत घरून आणलेला जेवणाचा डबा होता, न उघडलेला. खाली चपला. धाकटी कामाच्या बुटांतच निघून गेली होती.

चोरी करून पळणारी बाई घरी जायच्या चपला सोडून कशाला जाईल? बाईंनी हा प्रश्न मॅनेजरला विचारला नाही. त्याने उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींनी मात्र कामाची गोष्ट सांगितली. खोली साफ करताना दार उघडं ठेवायचं आणि ट्रॉली दारात आडवी लावायची, अशी इथल्या बायकांची पद्धत. कुणी आत शिरू नये म्हणून. पाहुणा आला तरी तो बाहेर थांबतो, नळवाला आला तर त्याला नंतर या म्हणून सांगतात. ट्रॉली हलत नाही. धाकटी तर या बाबतीत फारच काटेकोर, म्हणून तिची थट्टासुद्धा व्हायची.

"मग काल ती भिंतीला कशी?" बाईंनी विचारलं.

मावशींनी खांदे उडवले आणि त्यांचे डोळे भरून आले.

ट्रॉलीच्या मळक्या कपड्यांच्या पिशवीत दोन चादरी निघाल्या. काल दुपारी पिशवी नुकतीच खाली रिकामी करून आणलेली आणि त्यानंतरची ही पहिलीच खोली, असं मावशी म्हणाल्या. म्हणजे एका पलंगाच्या दोन चादरी. एक वापरलेली. दुसरीची इस्त्री अजून दिसत होती, पण ती चुरगळून कोंबलेली. बाईंनी हातमोजे घातले आणि दोन्ही वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरून सील केल्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा नासतो.

खोलीला मॅनेजरने कालच कुलूप लावून पाहुण्याला दुसरीकडे हलवलं होतं. पलंग नीटनेटका होता. बाई पांघरूण उचलायला गेल्या तर ते उचलेचना. तिन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेलं. त्यांनी शेजारच्या दोन खोल्या उघडून पाहिल्या. तिथे पांघरूण सैल सोडलेलं होतं. पाहुण्यांचे पाय अडकतात म्हणून इथे कुणी खोचत नाही, असं मावशी म्हणाल्या.

पाहुणा यंत्रांचे सुटे भाग विकणारा, साधा माणूस. घड्याळ गेल्याचं कधी लक्षात आलं, असं बाईंनी विचारलं.

"माझ्या नाही आलं हो. दिवसभर बाहेर होतो. आल्या आल्या इथल्या त्या सुपरवायझरनेच विचारलं, काही हरवलंय का बघा बरं."

सुपरवायझरला सगळे कप्तान म्हणत. तरुणपणी बरीच वर्षं जहाजावरच्या केबिनी लावण्यात गेली, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. तळमजल्यावर त्याची छोटी खोली होती. एक खुर्ची, एक खाट. खाटेवरचं पांघरूण गादीखाली घट्ट खोचलेलं. बाई खुर्चीवर बसल्या.

"काल दुपारी चौथ्या मजल्यावर गेला होतात?"

"छे. दिवसभर इथेच खाली. पाठ दुखत होती."

"ती गेल्याचं कधी कळलं?"

"संध्याकाळी. एक सांगू का बाई, असल्या मुलींचं काही खरं नसतं."

"असल्या म्हणजे?"

कप्तान घसा खाकरून जहाजावरच्या शिस्तीबद्दल बोलू लागला. बाई उठल्या.

मग त्या धाकटीच्या घरी गेल्या. दोन बहिणी एका खोलीत राहत. ताई दारातच रडकुंडीला आली. धाकटी आल्यापासून तीनदा अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवली नव्हती. विचारलं तर एकच म्हणत होती, ट्रॉली मीच बाजूला घेतली.

फौजदारबाई आत गेल्या नाहीत. उंबऱ्यापाशी खाली बसल्या, आणि म्हणाल्या, "मी घड्याळासाठी आलेली नाही."

पाठ हलली नाही.

काय झालं ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी फक्त सांगितलं, की दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, ती आधी तुझ्या जिवाचं बघेल, औषधं देईल. ताई तुझ्याजवळच राहील. तपासताना तू थांबा म्हणालीस की ती थांबेल. लवकर गेलेलं बरं, पण उशीर झाला, अंघोळ झाली, म्हणून कुणी परत पाठवणार नाही. कालचे कपडे धुतले असतील तरी घेऊन ये. आणि तक्रार द्यायची की नाही, ते तू ठरवायचं, आजच ठरवायचं असंही नाही.

"मी ओरडलेसुद्धा नाही," भिंतीकडून आवाज आला. "मग कोण खरं मानेल?"

"अंग गोठतं, बाळ. आवाज फुटत नाही. फार जणींचं असंच होतं. तुझं काही चुकलेलं नाही."

"तिकडे तर मला चोर म्हणतायत."

चोर ठरलेल्या मुलीचं दुसरं काही ऐकायला कोण बसणार, हे धाकटीला पक्कं कळलं होतं, आणि म्हणून ती दवाखान्याची पायरी चढणार नव्हती. बाईंना तिची कीव नाही आली, राग आला. त्या उठल्या आणि दोन शिपाई बोलावून तडक हॉटेलवर गेल्या.

मॅनेजर, मावशी आणि पाहुणा, तिघांना त्यांनी कप्तानच्या खोलीत उभं केलं. खोलीत हलायला जागा उरली नाही.

"ट्रॉली कुणी ढकलली नव्हती," त्या म्हणाल्या. "खिट्टी लावून नीट उभी होती. म्हणजे धाकटीने ती स्वतःच्या हाताने बाजूला घेतली. पाहुण्यासाठी ती हलत नाही, नळवाल्यासाठी हलत नाही. मग कुणासाठी हलते?"

मावशी हळूच म्हणाल्या, "खोली तपासायला सुपरवायझर आला की."

"तिने पलंग लावला होता. मग तिथे जे घडलं, त्यानंतर कुणीतरी ती कोरी चादर काढली आणि पलंग पुन्हा लावला. घाबरल्यावर माणसाचे हात आधी शिकलेलंच काम करतात. त्याने पांघरूण गादीखाली खोचलं. जहाज हललं तरी निघू नये असं. इथे ते कुणी करत नाही. या खाटेखेरीज."

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं.

"मी वर गेलोच नव्हतो," कप्तान म्हणाला.

"आणि तरी घड्याळ गेल्याचं पाहुण्याच्या आधी तुम्हाला माहीत होतं. मुलीने तोंड उघडलंच तर ती आधीच चोर असावी, एवढ्यासाठी तुम्ही ते उचललंत. तिच्या कपाटात टाकायचं राहिलं. मॅनेजरसाहेबांनी घाईने कुलूप लावलं, हे मात्र त्यांनी झकास केलं."

त्यांनी मॅनेजरला खाटेवरचं पांघरूण ओढायला सांगितलं. ते दोन झटक्यांत निघालं, आणि गादीच्या कडेने घड्याळ फरशीवर पडलं. पाहुण्याने ते लगेच ओळखलं. कप्तान खुर्चीवर बसला आणि म्हणाला की त्याची पाठ दुखते आहे. शिपायांनी त्याला घड्याळाच्या चोरीसाठी आणि खोट्या आळासाठी नेलं. बाकीचं धाकटीच्या हातात होतं, आणि बाईंनी ते तिथे कुणालाही फोडून सांगितलं नाही. मावशींना सांगावं लागलंच नाही. त्या धाकटीच्या कपाटापाशी उभ्या राहून रडत होत्या.

दुपार कलली तेव्हा बाई पुन्हा त्या उंबऱ्यावर बसल्या. घड्याळ कुठे सापडलं, कुणाला नेलं, एवढंच सांगितलं. मग डबा आणि चपला आत सरकवल्या.

धाकटी पहिल्यांदाच वळली. डोळे सुजलेले. बराच वेळ चपलांकडे बघत राहिली.

"पण ट्रॉली मीच बाजूला घेतली," ती म्हणाली.

"घेतलीस. खोली तपासायला आलोय म्हणाला असेल."

तिने होकारार्थी मान हलवली.

"ट्रॉली तू हलवलीस ती कामासाठी. दार त्याने लावलं."

धाकटी रडली, मोठ्याने, कालपासून पहिल्यांदा. ताईने तिला धरून ठेवलं. बाई उठून गेल्या नाहीत, मनगटावरच्या घड्याळाकडेही पाहिलं नाही. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि आज त्याचा कुणाला तरी उपयोग होता.

रडणं ओसरल्यावर धाकटीने पाय पुढे केले आणि चपला घातल्या.

"ताई, कालचे कपडे पिशवीत घे," ती म्हणाली. मग बाईंकडे बघून तिने विचारलं, "ती डॉक्टर बाईच आहे ना?"