ठोसा कुठे कमी पडला?

"दोन हजार तीनशे वीस न्यूटन," ठोकळा म्हणाला.

विशाखा आत्याने दात आवळले आणि उजव्या हाताचा आणखी एक ठोसा त्याच्या छातीवर हाणला. धप्प!

"दोन हजार तीनशे दहा."

न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक. महिन्यापूर्वी याच आत्याच्या ठोशाचा आकडा तीन हजार दोनशे आला होता!

साल होतं २०५२. अकोल्याच्या मुष्टियुद्ध केंद्रातला ठोकळा हा सराव करून घेणारा यंत्रमानव. छातीवरच्या जाड गादीखाली त्याचे संवेदक (बल ओळखणारे भाग) होते. विशाखा तायडे होती चौऱ्याऐंशी किलो वजनाची, हेवीवेट गटातली. परवा तिची राष्ट्रीय संघाच्या निवडीची लढत होती आणि तिची अकरा वर्षांची भाची उत्पला शाळा सुटल्यावर सराव बघायला आली होती.

"याचे संवेदक बिघडलेत. दुरुस्तीवाल्याला फोन करून येतो," असं म्हणून प्रशिक्षक गवई सर बाहेर गेले.

उत्पलाला ते पटेना. कोपऱ्यात तपासणीसाठी पाच किलोचा लोखंडी गोळा साखळीला टांगलेला होता. तिने ठोकळ्याला त्याच्यासमोर उभं केलं, गोळा भिंतीवरच्या खुणेपर्यंत मागे ओढला आणि सोडला. आकडा आला. तिने मागच्या महिन्याची नोंद पाहिली. तोच आकडा!

म्हणजे ठोकळा बरोबर होता. चूक आत्याच्या ठोशातच होती.

"आत्याचा हात मंदावलाय का?" तिने ठोकळ्याला हळूच विचारलं.

"नाही. मुठीचा वेग तेव्हाही सेकंदाला आठ मीटर होता, आजही तेवढाच आहे. मूठ गादीवर थांबायला लागणारा वेळही तोच, सेकंदाचा शंभरावा भाग."

"मग बल कमी कसं झालं?"

"तूच शोध. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. मूठ थांबते तेव्हा सगळा संवेग संपतो. त्याला थांबायच्या वेळेने भागलं की सरासरी बल मिळतं."

उत्पलाने फळ्यावर उलटं गणित मांडलं. महिन्यापूर्वीचं वस्तुमान आलं चार किलो. आजचं, दोन पूर्णांक नऊ दशांश.

"पण आत्याचं वजन तर तेवढंच आहे! आणि चौऱ्याऐंशीमधले चारच किलो?"

"ठोशामागे सगळं शरीर लागत नाही. जेवढं लागतं त्याला प्रभावी वस्तुमान (मुठीला खरोखर साथ देणारं वस्तुमान) म्हणतात. त्या चाकांच्या खुर्चीवर बस, पाय वर घे आणि मला ठोसा मार."

उत्पलाने मारला. खुर्ची सर्रकन मागे गेली. "नव्वद," ठोकळा म्हणाला. मग ती जमिनीवर पाय रोवून उभी राहिली, मागच्या पायाने रेटा दिला, कंबर वळवली आणि मारला. "दोनशे दहा!"

"म्हणजे ठोसा हातात नसतो," उत्पला सावकाश म्हणाली. "पाय जमिनीला ढकलतो. जमीन उलट ढकलते. तो रेटा कंबरेतून, खांद्यातून मुठीत येतो. मधे काही ढिलं पडलं, तर..."

ती बोलायची थांबली. सरावाच्या जागी दाब मोजणारी चटई अंथरलेली होती. तिने भिंतीवरच्या पडद्यावर आत्याच्या पावलांचं चित्र आणलं. डावं पाऊल दाबाने लालभडक होतं. उजवं फिकट.

"आत्या, तुझ्या उजव्या पायाला काय झालंय?"

"काही नाही."

"तू त्याच्यावर भारच देत नाहीयेस."

"काहून उकरून काढते गं?" आत्या दबक्या आवाजात कडाडली. मग बाकावर बसली. "गुडघा. दहा दिवस झाले. व्यायामाच्या दोरीवरून उतरताना पिळला. सरांना सांगितलं, तर परवा लढू देणार नाहीत. चार वर्षं या संधीची वाट पाहिलीय मी. तू गप्प राहायचं, कळलं?"

आत्याला वचन द्यायला ती कधीच मागेपुढे पाहत नसे. आज मात्र फळ्यावरचं गणित डोळ्यांपुढून हलेना.

"तुझा ठोसा कमी झालाय, आत्या. समोरचीचा नाही झाला," ती म्हणाली. "आणि या पायाने तुला बाजूलाही होता येणार नाही. तिचं सगळं बल तुझ्या डोक्यावर येईल."

दार उघडलं. गवई सर आत आले. "दुरुस्तीवाला उद्या येतोय. काय रे ठोकळ्या, काय बिघडलंय तुझं?"

"माझं काही बिघडलेलं नाही, सर," ठोकळा म्हणाला आणि थांबला. "पुढचं विशाखाताईंनी सांगावं. त्यांनी नाही सांगितलं, तर मला सांगावं लागेल."

आत्या हातावरची पट्टी सोडत राहिली. एक वेढा, दुसरा वेढा...

"सर," ती शेवटी म्हणाली, "गुडघा गेलाय माझा."

डॉक्टरांनी तपासलं. गुडघ्याचा अस्थिबंध (दोन हाडांना जोडणारा पट्टा) अर्धवट फाटला होता. लढत झाली असती, तर पूर्ण तुटला असता. निवडीच्या लढतींना आत्या प्रेक्षकांत बसली. घरी येताना ती रिक्षात रडली. उत्पला तिचा हात धरून बसली.

पाच महिन्यांनी आत्याने पुन्हा ठोसा मारला. दोन हजार नऊशे! पुढची निवड सात महिन्यांवर होती, आणि पडद्यावर दोन्ही पावलं सारखीच लाल दिसत होती.

उत्पला मात्र वेगळ्याच विचारात होती. "ठोकळ्या, दुखणं आत्या लपवत होती, पण चटईने ओळखलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशी चटई घातली, तर कोणाचा पाय कमजोर होतोय ते पडायच्या आधीच कळेल का?"

"माहीत नाही. मोजून बघावं लागेल. निदान शंभर माणसांची पावलं."

"शंभर माणसं कुठून आणू?"

आत्याने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चटईवर येऊन उभी राहिली.

"घे," ती म्हणाली. "नव्व्याण्णव राहिली."