खदानीच्या काठावरच्या चपला

मे महिन्यातल्या त्या रविवारी जागेश्वर निमजे मुलीच्या बेसा गावातल्या घरी जेवले. मयुरीच्या पिशवीचा बंद तुटला होता. त्यांनी दोन्ही टोकं धरली आणि इतकी बारीक गाठ मारली, की ती नखानेच शोधावी लागली. उमरेडला त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. माग गेला, गाठ तेवढी नातवंडांपर्यंत आली.

आमरसाची आणखी एक वाटी त्यांनी मागून घेतली. "उद्या तपासणी समिती येऊन राहिली खदानीवर," निघताना म्हणाले. "झाडं खरंच लावली का, ते आजच पाहून येतो."

सोमवारी सकाळी ते खदानीच्या तळाशी मृत सापडले. चपला काठावरच्या दगडावर जोडीने ठेवलेल्या होत्या. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं.

तेरवी आटोपल्यावर मयुरी धंतोलीत कौशल्या रामटेके यांच्याकडे आली. खाली पॅथॉलॉजी लॅब होती, वर त्यांची खासगी तपाससंस्था. "रिपोर्ट खाली मिळते, ताई," असं सांगून गोपाळरावांनी तिला परत पाठवलंच होतं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर ते, आता कौशल्याबाईंचे सहायक.

मयुरी शांतपणे बोलत होती. बाबा निवृत्त शिक्षक. खदान वाढवायची तर आधी खोदून संपलेली बाजू बुजवायची, वेगळी काढून ठेवलेली काळी माती वर पसरायची आणि झाडं जगवायची, अशी अट होती. अट पाळली जात नाही, हे बाबांनी जनसुनावणीत सांगितलं होतं.

तिने चपला टेबलावर ठेवल्या. तळव्यांना काळ्या मातीचा जाड थर वाळून टणक झाला होता. कौशल्याबाईंनी भिंगातून पाहिलं. निव्वळ काळी माती.

"आणि त्यांचे पाय?"

"पांढरे होते, घोट्यापर्यंत. मीच पुसले."

बाईंची नजर मयुरीच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेली. त्यांनी तिचा बंद बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला.

"खदानवाल्यानंच मारलं," जिना उतरताना गोपाळराव म्हणाले. "मॅनेजरले धरा, झालं."

मॅनेजर विक्की खदानीवरच भेटला. मृत्यूमुळे पुढे ढकललेली तपासणी आदल्या दिवशीच सुरळीत झाली होती, त्यामुळे तो खुशीत होता. झाडांचा ठेका कुणाला दिला होता आणि त्याने पुढे कुणाला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पाणी कोण घालतं?"

"रोपवाला आपला टँकर आणते. आमची कामं बंद असली की येते, रविवारी. मले झाडं दिसल्याशी मतलब."

काळ्या मातीच्या पट्ट्यात करंजाची रोपं बांबूंना बांधून उभी होती. तिथून खड्ड्याच्या काठापर्यंत दगड फोडणाऱ्या क्रशरची पांढरी भुकटी पसरली होती. चालताना पाय घोट्यापर्यंत बुडत. बाईंनी एका रोपाची दोरी सोडवायचा प्रयत्न केला. गाठ सापडेना, शेवटी कापावी लागली. रोप ओढताच प्लास्टिकच्या पिशवीसकट वर आलं.

"पिशवी काढायची राहून गेली," गोपाळराव म्हणाले.

बाईंनी आणखी चार उपटली. चारही पिशवीसकट.

मयुरीचा मोठा भाऊ रोशन बेसातच नर्सरी चालवत होता. चितेला अग्नी त्यानेच दिला होता. त्या रविवारी आपण घरीच होतो, असं तो म्हणाला. आई गेल्यापासून बाबा उदास राहत, हे त्याने आल्यागेल्या सगळ्यांनाच सांगितलं होतं. खदानीचं नाव काढताच मात्र तो दुखावला. बाबांचा विरोध असताना आपण तिथं पाय ठेवू का, असं त्याने विचारलं. निघताना त्याने गोपाळरावांना तुळशीचं रोप फुकट दिलं.

"भला माणूस," गोपाळराव म्हणाले.

संध्याकाळी मयुरीच्या घरी रोशनसह चौघं बसले.

"जागेश्वरजी त्या चपला घालून काठापर्यंत चालले असते, तर ओल्या मातीवर पांढरी भुकटी चिकटली असती," कौशल्याबाई म्हणाल्या. "चपलांना ती नव्हती, पायांना होती. म्हणजे चपला चिखलात रुतल्या आणि ते अनवाणी पुढे गेले. चपला मागाहून कुणीतरी उचलून काठावर मांडल्या. मे महिन्यात तिथे चिखल असतो तो फक्त रोपवाल्याने पाणी घातल्यावर."

"पण रोपवाला कोण?" गोपाळरावांनी विचारलं.

"ज्याला तपासणी झाल्यावर तीच रोपं उपटून दुसऱ्या खदानीवर न्यायची होती. म्हणून पिशव्या तशाच ठेवल्या. त्याने दोऱ्यांना मारली तीच गाठ जागेश्वरजींनी मयुरीच्या पिशवीच्या बंदाला मारली होती."

"मागवाल्यांची गाठ. उमरेडात घरोघरी येते," रोशन म्हणाला.

"येते. पण त्यांतला रोपं विकणारा, आणि जागेश्वरजी उदास होते असं सगळ्यांना सांगत सुटलेला, एकच आहे. गाठ पाहताच बापानेही ओळखलं असेल."

रोशन मयुरीकडे वळला.

"मी ढकललं नाही वं, मयुरी. बाबा रोप घेऊन निघाले. समितीले दाखवतो म्हणे. मी मागून जाऊन हिसकलं, तर त्याइचा तोल गेला."

"खाली पडल्यावर हाक मारली त्यांनी?" मयुरीने विचारलं.

"मारली. माझ्या नावानं."

"मग?"

"मी चपला आणल्या."

मग रोशन म्हणाला, घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. बाबा तर परत येत नाहीत.

तेरवीपर्यंत आलेला प्रत्येक माणूस 'जीव दिला' म्हणत होता आणि मयुरी मान खाली घालून ऐकत होती. तिने फोन उचलला.

"पोलीस स्टेशन का? मी मयुरी निमजे. माझ्या बाबानं जीव नाही दिला. त्याइले जगायचं होतं. ते हाका मारून राहिले होते आणि माझा भाऊ त्याइले तसंच टाकून निघून आला. तो इथं माझ्यासमोर बसला आहे. या."