छाटणीनंतरचा पेला

बायडाबाईला सिल्वासाच्या बसस्टँडवरून घ्यायचं, डोंगरावरची ती जागा दाखवायची आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचं, एवढंच माझं काम होतं. दिवा जरा आत सरकवा, वाऱ्यानं विझेल. आमच्या या सामरवरणीत लाइट गेली की तासभर तरी येत नाही, तेवढ्यात सांगून होईल. मी नाशिकचा, बोलघेवडा माणूस. चार डोकी दिसली की मिलिंदचं तोंड सुरू, असं घरचेही म्हणतात. त्याच तोंडानं एक माणूस मारला, हे आधीच सांगून टाकतो.

मसाटच्या कारखान्यात बारा वर्षं सुपरवायझरकी केल्यावर मला खानवेलच्या पुढे, दुधनीच्या रस्त्याला एका बागेवर नोकरी मिळाली. मालक मुंबईचा. इथल्या पावसात द्राक्ष टिकत नाही असं सगळे सांगत होते, पण त्याला डोंगरउतारावर वाइनची द्राक्षंच लावायची होती. बागेतून निघून डोंगराच्या सोंडेवरून खाली दमणगंगेच्या पाण्यापर्यंत आम्ही पायवाट आखली होती. दर वळणावर बांबूचा खांब, त्यावर आकडा. रविवारी वापी-सुरतेकडची मंडळी यायची, दोन तास चालायची आणि शेवटी बागेत वाइन चाखायची. चालण्यापेक्षा त्या पेल्यासाठीच यायची, खोटं कशाला बोलू?

बाग सांभाळायचा सुकदेव. साक्रीकडचा. दिंडोरीच्या बागांत छाटणी शिकलेला, पुढे पोटासाठी मसाटला आला आणि माझ्या हाताखाली हेल्पर झाला. मीच त्याला तिथून काढून बागेत आणलं. एकेकाळी तो फार प्यायचा. बायको, म्हणजे ही बायडाबाई, दोनदा माहेरी निघून गेली होती. मग त्यानं गळ्यात माळ घातली आणि सात वर्षं दारूला शिवला नाही. कुणी आग्रह केला तर तो नुसता माळेला हात लावून दाखवायचा.

ऑक्टोबरची छाटणी झाली की काडीच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथं, औषध लावतात. फूट एकसारखी निघावी म्हणून. त्याला पेस्टिंग म्हणतात. कुठला डोळा झाला, कुठला राहिला ते कळावं म्हणून त्यात गुलाबी रंग घालतात. हे औषध हाताळलेल्या माणसानं पुढचे काही दिवस दारूचा थेंबही घ्यायचा नाही. दोन्ही अंगात एकत्र आली की श्वास कोंडतो. नाशिकला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या रविवारी सकाळी मजुरांना मीच हे बजावलं होतं.

दुपारी पाहुणे आले. वीसेक असतील. मी रंगात आलो होतो. ही द्राक्षं ज्याच्या हातची त्याला बघा, असं म्हणून मी सुकदेवला हाक मारली. तो हातमोजे काढून, गमबूट फटकफटक वाजवत आला आणि मंडपाच्या बाहेरच उभा राहिला. मी पेला भरून पुढे केला.

"साहेब, माळ आहे ना."

"अरे, रस आहे हा. पोरं पितात तोच."

टेबलावर पोरांसाठी रसाचा जग खरंच होता. पेला मी भरला होता वाइनच्या बाटलीतून. का, असं विचाराल तर उत्तर एवढंच, की गंमत. संध्याकाळी सांगीन, तो चिडेल, मी हसेन, असं मनात होतं. औषधाची आठवण त्या क्षणी झाली नाही. शपथेवर सांगतो, झाली नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि एका दमात पेला संपवला. लोकांनी फोटो काढले. त्याचा चेहरा लालबुंद झाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, बघा, रस चढला. मीही हसलो.

अर्ध्या तासानं तो सात नंबरच्या खांबाला टेकून बसलेला सापडला. हातमोजे मांडीवर होते. गाडीत घातला, पण सिल्वासा यायच्या आत संपला. हा पीत होता का, असं दवाखान्यात विचारलं. मी म्हणालो, "मला काय माहीत. पीत असेल."

पीत असेल. माझे हे दोन शब्द त्याच्या आधी त्याच्या गावी पोचले. माळ घालून चोरून पीत होता म्हणून चितेवर ठेवण्यापूर्वी भावानं त्याच्या गळ्यातली माळ तोडली. बायडाबाई मढ्याजवळ बसली नाही, रडली नाही. हे मला नंतर कळलं, आणि कळूनही मी गप्प राहिलो. मालकानं बाग सोडून दिली, मी परत कारखान्यात लागलो. रविवारची चालणारी माणसं मात्र अधूनमधून येत राहिली, म्हणून पायवाट तेवढी मी राखत होतो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं मीच तिला फोन केला आणि काही लागलं तर सांगा म्हणालो. तिला फक्त ती जागा बघायची होती. बस उशिरा आली. वर चढायला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा. माझ्या मागून ती चालत होती.

त्या बागेला वर्षभर कात्री लागलेली नव्हती. कमरेएवढं गवत वाढलं होतं. तीन नंबरचा खांब ओलांडला आणि मी थबकलो. पुढची अख्खी ओळ छाटलेली होती. स्वच्छ, तिरका काप, दिंडोरीच्या माणसाच्या हातचा. प्रत्येक डोळ्यावर गुलाबी ठिपका. मी बोट लावून पाहिलं. ओलं होतं. औषधाचा तो उग्र वास नाकात गेला.

"थांबले का, भाऊ?"

"काही नाही... चला."

आणि मग मागून आवाज यायला लागला. फटक... फटक... माझ्या पायांत चपला होत्या, बायडाबाई अनवाणी होती. मी मागे वळलो नाही. तिनं वळून पाहिलेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, नीट केला आणि वाटेच्या कडेला सरकून चालायला लागली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

सात नंबरच्या खांबापाशी तिनं भाकरी ठेवली. खाली नदीवर अंधार उतरत होता. पलीकडच्या पाड्यात एकदोन दिवे लागले.

"भाऊ, एकच सांगा मला," ती हळूच म्हणाली. "ते त्यांच्या मनानं पिले, का कोणी पाजली?"

माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. फटक आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबला होता.

"मला माहीत नाही, वहिनी..."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, बराच वेळ. मग तिनं मान हलवली. "बरं," म्हणाली. हे ती मला म्हणाली नव्हती.

उतरून आम्ही सिल्वासाला आलो. बसस्टँडवर मी तिला खिडकीची जागा पाहून दिली, पाण्याची बाटली घेऊन दिली. गाडी सुटायला चारपाच मिनिटं होती. ती खिडकीतून वाकली.

"मी त्यांना म्हटलं, घरी चला. ते म्हणून राहिले, साहेब सांगतील मग येतो. तोवर कोणत्या तोंडानं येऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी खाली उभा होतो, खिडकी उघडी होती, सांगायला एवढा वेळ पुष्कळ होता. मी म्हणालो, बाटलीचं झाकण घट्ट लावा. गाडी गेली.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या सोसायटीचा वॉचमन कारभारी मला म्हणाला, की तुमच्याकडे येणारा तो माणूस रोज जिन्याखाली बसून असतो, वर का जात नाही? मी विचारलं, कोण माणूस? गमबूटवाला, तो म्हणाला. जा म्हटलं तर म्हणतो, साहेबांचं काम झालं की जाईन. मी संध्याकाळी कामावरून येताना मान खाली घालून जिना चढायचो. जिन्याखाली तो औषधाचा वास असायचा. सव्वा महिना मी असा काढला. भीती होतीच, पण शरम त्याहून जास्त होती. एवढं होऊनही तो मला साहेब म्हणत होता.

शेवटी एका दिवेलागणीला मी बायडाबाईला फोन लावला. सगळं सांगितलं. पेला, रस, बाटली, दवाखान्यातले दोन शब्द, सगळं. मी लहान मुलासारखा रडत होतो.

मग ती म्हणाली, "थांबा, भाऊ."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. कडी निघाली. दगडावर पाणी ओतलं, थोडं थांबून पुन्हा ओतलं, पाय धुतात तसं. पाट सरकला. एक पुरुष खाकरला. मग ती परत फोनवर आली, आणि तिचा आवाज भरून आला होता. वर्षभरात ती पहिल्यांदा रडत होती.

"बरं केलं सांगितलं. आता ठेवते. त्यांना वाढायचं आहे."

त्या दिवसापासून जिन्याखाली कुणी बसत नाही. कारभारीनंच सांगितलं. मी सुटलो, असं समजून चाललो होतो. पण गेल्या आठवड्यात बायडाबाईच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला नाही. तिला नंबर लावता येत नाही हो. घरात दुसरं कुणी नाही, दरवेळी मीच फोन करायचो. माझा नंबर तोंडपाठ असलेला त्या घरात एकच माणूस होता.

तो काय म्हणणार, हे मला माहीत आहे. साहेब, मनाला लावून घेऊ नका, असंच म्हणणार. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे मला ऐकवणार नाही.

हा बघा, आताही फोनचा उजेड पडला. तेव्हापासून रोज याच वेळेला वाजतो, जेवणं झाली की. माझा हात पुढे होत नाही...

तुम्ही उचलता का?