एक जुळवलं की एक सुटतं

खाणीतल्या पाण्यावर शिंतोडे उडाले, मुलगा दिसेनासा झाला, आणि मग कुठे धप्प असा आवाज आला.

बाईंनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला. पुन्हा तेच. पोलिसांच्या ध्वनी विभागात बाईंचा दरारा असा, की बिघडलेली फाईलसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट सुधारते, असं सहकारी म्हणत. ही मात्र हटून बसली होती.

प्रकरण तसं सरळ होतं. पाण्याचे पंप भाड्यानं देणाऱ्या एका दुकानदारणीचे तीन मुलगे बंद खाणीवर गेले. शिकून नुकताच परतलेला धाकटा कड्यावर चढला. मधला पलीकडच्या काठावर होता. थोरला अलीकडे, पार फाटकापाशी, मोबाईल धरून उभा. धाकट्यानं हात हलवून विचारलं, मारू का उडी? मधल्याचं तोंड उघडलं आणि खणखणीत आवाज आला, "मार! खोल आहे!"

खोल नव्हतं. बरंचसं पाणी उपसलेलं होतं आणि उरलेल्या गढूळ पाण्याखाली दगड होते. धाकटा जागीच गेला, मधला कोठडीत गेला. "मी 'नको' ओरडलो," एवढंच तो सांगत राहिला. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? तिघा भावांचे आवाज इतके सारखे, की फोनवर आईसुद्धा फसायची. आणि व्हिडिओत तोंड त्याचंच हलत होतं.

फाईल थोरल्यानं आणून दिली होती. "आवाज जरा मागे पडतोय, मॅडम. जुळवून घ्या, म्हणजे कोर्टात शंका नको."

बाईंनी जुळवायला घेतलं. आवाज किंचित पुढे ओढला. शिंतोडे आणि धप्प एकत्र आले, झकास! पण आता मधल्यानं तोंड उघडायच्या आधीच 'मार' ऐकू येऊ लागलं. आवाज परत मागे सरकवला. तोंड जुळलं, धप्प सुटलं. एक जुळवलं की एक सुटतं. मोबाईल बिघडला असता, तर सगळेच आवाज सारखे मागे पडले असते. फाईलीत कुणी जोडाजोड केल्याची खूण नव्हती.

चहा गार झाला. बाईंनी मोबाईलला, खाणीला आणि स्वतःच्या नोकरीला यथेच्छ शिव्या घातल्या. मग एकदम गप्प झाल्या, हेडफोन चढवले आणि 'मार'च्या पाठीमागचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना बोलावलं. आई आणि थोरला शेजारी बसले. मधल्याला शिपायानं आणून भिंतीशी उभं केलं. आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"व्हिडिओ तुम्हीच काढलात?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"मीच."

"तुमच्याजवळ आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. खाणीवर आम्ही तिघेच."

"तुम्ही काही बोललात?"

"छे! चकार शब्द नाही. हा ओरडला आणि त्यानं उडी मारली."

"नक्की?"

"लेकरांची शपथ."

बाईंनी मान हलवली. "मग तुमचा मोबाईल अगदी ठणठणीत आहे. वीज आधी चमकते, गडगडाट मागून येतो. लांबचा आवाज उशिराच पोचतो. पाणी लांब होतं, म्हणून धप्प उशिरा आला. मधलाही तितकाच लांब होता. मग त्याचा आवाज ओठांबरोबर कसा आला?"

थोरला हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

"तो त्याचा नव्हताच. मोबाईलजवळून ओरडलेलाच आवाज असा वेळेवर येतो, आणि मोबाईलजवळ तुम्ही एकटे होता. दोघे भाऊ एकाच क्षणी ओरडलात. त्याचा आवाज उशिरा आला, धप्प जेवढा मागे पडला तेवढाच मागून. तुमच्या आरोळीखाली तो दबलाय. ऐका."

त्यांनी बटण दाबलं. खरखरीतून पुसट, पण स्पष्ट शब्द आला. "नको!"

आईचा हात तोंडावर गेला.

"धाकट्याला दोन्ही ऐकू गेलं असणार," बाई म्हणाल्या. "त्यानं तुमचं ऐकलं. मोठा भाऊ ना! खाण उपसायला पंप कुणी पाठवले, ते दुकानातल्या कुणालाही विचारता येईल."

"जन्मभर दुकान मी ओढलं!" थोरला उसळला. "आणि किल्ल्या त्याच्या हातात? काल आलेल्या पोराच्या? मी ढकललं नाही त्याला. फक्त बोललो."

"तेवढं पुरलं," बाई म्हणाल्या. त्यांना त्याची किळस आली.

आई उठली. ती थोरल्याला मारणार असं शिपायाला वाटलं. ती भिंतीपाशी गेली आणि मधल्याचा हात धरला.

"तू म्हण ना, मीच ओरडलो म्हणून. त्याला दोन लेकरं आहेत रे. तुझ्यामागे कोण रडायचंय?"

मधल्यानं आयुष्यभर आईचा शब्द मोडला नव्हता. त्यानं बाईंकडे पाहिलं. "मी म्हटलं तर चालेल?"

"नाही!" बाई ओरडल्याच. "अहवाल सकाळीच गेलाय. तू सुटलास, कळतंय का तुला?"

शिपाई थोरल्याला घेऊन निघाला. आई त्याच्या पाठीमागे धावली, "जेवलायस का रे?" म्हणत. दारात थांबून तिनं मागे वळून पाहिलं. मधला तिच्यामागून निघाला होता.

"तू घरी येऊ नकोस," ती म्हणाली.