कळलावीचा कंद

"कंद चोरीला गेलाय! आत्ताच्या आत्ता ये!" मावशी फोनवर ओरडली.

फौजदारबाई गणवेशातच माहेरी पोहोचली. आईच्या बागेत मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर खड्डा.

कळलावी आईची लाडकी. फुलून झाली की वेल वाळून नाहीसा व्हायचा, कंद मातीत झोपायचा आणि वर्षाने पुन्हा कोंब. बाबा बांधून देत त्या दोरीवरून आई वेल पार कोपऱ्यापर्यंत न्यायची. गेल्या वर्षी ऐन बहरात आई गेली. तिने कबूल केलेला कंद न्यायला आज मावशी परगावाहून आली होती.

"शेजारणीचंच काम! त्या फुलांवर डोळाच होता तिचा. तक्रार लिहून घे."

फौजदारबाईला रागही आला नाही. आई गेल्यापासून आत सगळं बधिर होतं. ती खड्ड्यापाशी उकिडवी बसली. कडेला बारीक, अरुंद ओरखडे. कुदळीचा घाव नाही. कंदाचा तुकडाही पडलेला नाही.

भिंतीपलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"कळलावी कुठे लावली होती हो?" फौजदारबाईने तिला विचारलं.

"त्या कोपऱ्यात. फुलं तिथेच तर यायची!"

घरात बाबा आपल्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी नुसतेच बसले होते.

"बाबा, बागेत गेला होतात?"

"मला बागेतलं काय कळतं?"

मावशी मागोमाग आत आली. फौजदारबाई बाबांसमोर बसली.

"मावशी, शेजारणीने कोपरा खणला असता. फुलं तिकडे, कंद इकडे. आणि आता वर काडीही नाही. जागा माहीत होती तुला आणि दोरी बांधणाऱ्याला. तुला तर कंद मिळणारच होता. ओरखडे स्क्रूड्रायव्हरचे आहेत. इतका ठिसूळ कंद न मोडता काढणारा हात या घरात एकच आहे."

बाबांनी खण उघडला. पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत कंद होता. अखंड.

"फेकणार होतो. हात धजला नाही."

"पण काढलात कशाला, भावजी?"

"कोंब आला असता." बाबा डब्याकडे बघत राहिले. "तो मेलाय असं वाटतं, आणि दर वर्षी परत येतो. यंदा मला ते बघवलं नसतं."

मावशी खाली बसली. बाबांनी डबा तिच्याकडे सरकवला.

"तुझ्याकडे लाव. फूल आलं की मला सांगू नकोस. हिला सांग."

"बरं," फौजदारबाई म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं.