अडकलेले हात

बस, वारा पडेपर्यंत बस. समुद्रावरून असा वारा सुटला की चढावरच्या बसगाड्या रेंगाळतातच, आत्ता निघून काही उपयोग नाही. नेट मंद झालं म्हणून सकाळपासून तू त्या लॅपटॉपवर दात-ओठ खातेयस. मीही एकदा अशीच चिडले होते, ते ऐक. राउटरचं नंतर बघू.

तेव्हा मी यंगदोला, बंदराच्या वरच्या अंगाला, एका जुन्या इमारतीत खोली घेतली होती. भाडं रास्त होतं आणि मालक प्यो म्हणाले, "नेट आमच्याकडून, बाई. चैन करा." माझं काम घरूनच चालायचं. ऐकू न येणारी माणसं मला लॅपटॉपवर दिसतात, हातांच्या खुणांनी बोलतात, आणि ते मी फोनवरच्या माणसाला तोंडाने सांगते. तो जे बोलतो ते मी माझ्या हातांनी उलट सांगते. आमच्या धंद्याचा पहिला नियम. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'तो म्हणतोय' असं नाही. दुभाषी मधे दिसताच कामा नये.

पहिल्याच आठवड्यात चित्र अडकायला लागलं. एका बाईचं तान्हं तापाने फणफणलं होतं आणि दवाखान्यातली नर्स फोनवर विचारत होती, "ताप किती? झटके येतायत का?" मी हातांनी विचारलं. आईने हात उचलले आणि चित्र तसंच गोठलं. हात हवेत, तोंड उघडं. नर्स म्हणतेय, "हॅलो? ऐकताय ना?" आणि मी त्या गोठलेल्या हातांकडे बघत बसलेय. त्या हातांत 'हो' होतं की 'नाही', कळायला मार्ग नव्हता. पोर वाचलं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक वर गेले. प्यो मालक वरच्या मजल्यावर राहायचे. दारातूनच टीव्हीवरच्या बेसबॉलचा गलका ऐकू येत होता.

"मालक, नेट चालत नाही."

"चालत नाही? माझं तर पळतंय," मागच्या भल्या मोठ्या पडद्याकडे अंगठा दाखवत ते म्हणाले. "सगळ्या देशात नेट धावतं बाई, तुमच्याच खोलीत रांगतं होय? तो लॅपटॉप म्हातारा झालाय तुमचा. त्याला जरा ताकदीचा जिनसेंगचा काढा पाजा."

"एकच लाइन सगळ्या खोल्यांना वाटलीयत ना तुम्ही?"

"फुकटच्या घोड्याचे दात मोजायचे नसतात," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मग मी स्वतःच मागे लागले. राउटर बंद करून चालू केला. फ्रिजच्या मागे कोंबला होता, तो काढून कपाटावर ठेवला. पासवर्ड बदलला, लॅपटॉपवरची बाकीची सगळी कामं बंद केली. शेवटी बाजारातून वायर आणली आणि थेट जोडली. वेग तपासला तर उत्तम. काम सुरू केलं की पुन्हा तेच. जास्त राग त्याचाच यायचा... कारण सापडत नाही याचा.

एका दुपारी पाऊस लागला होता. मधला वेळ रिकामा होता म्हणून मी नुसती बसले होते, हात मांडीवर. पडद्याच्या कोपऱ्यात माझं छोटं चित्र दिसतं ना, तिकडे सहज लक्ष गेलं. तिथे माझे हात हलत होते.

वाटलं, मघाचंच चित्र मागून येतंय. नेट मंद, दुसरं काय. पण मग अंगावर सर्रकन काटा आला. आपलं स्वतःचं चित्र नेटवरून येत नाही गं. कॅमेऱ्यातून थेट येतं. ते मागे पडायचं कारणच नाही... आणि ते हात जे बोलत होते, ते मी मघाशी काय, आयुष्यात कधी बोलले नव्हते.

'वर', ते हात म्हणाले. 'डोकं. जड.' आणि मग 'दार'.

मी लॅपटॉप धाडकन मिटला. खोलीत कसलातरी उबट, जळका वास होता, खोली तापवणारा बॉयलर बिघडल्यावर येतो तसा. बॉयलर बंद होता. मी स्वतः बंद केला होता.

तळमजल्यावर बांग आजींचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. मी छत्रीही न घेता खाली गेले. त्या पँटची घडी उसवत होत्या. मी नेटचं बोलायला लागले आणि बोलता बोलता तो वासही सांगितला. त्यांनी सुई खाली ठेवली.

"बॉयलर नवीन आहे ना वरचा?" त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"नवीन का बसवला, ते नाही सांगितलं त्याने?"

माझ्या आधी त्या खोलीत यनसुक नावाची बाई राहायची. पन्नाशीची, एकटी. मासळीच्या कारखान्यात कामाला. तिला ऐकू येत नव्हतं. बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप निखळला होता, म्हणून ती मालकाला हाताला धरून खोलीत न्यायची, दाखवायची. त्याने शेवटी चिकटपट्टी गुंडाळली आणि हात झटकले. थंडीत ती खोलीतच गुदमरून गेली. धुरातला तो विषारी वायू दिसत नाही, कळत नाही.

"सापडली तेव्हा समोर टॅब्लेट उघडा होता," आजी म्हणाल्या. "कुणाला तरी बोलावत असणार. तुमच्यासारख्या कुणा बाईलाच. पण तेव्हाही नेट हे असंच... त्या दिवशी बेसबॉलचा अंतिम सामना होता. वरती सगळं गाव जमलं होतं त्याच्याकडे." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "पोलिसांनी अपघात लिहिला. आणि हा मेला पुढच्या महिन्यात खोली रंगवून मोकळा."

मी वर आले ती धापा टाकतच. भीती कुठल्या कुठे गेली होती. मला फक्त तो मोठा पडदा दिसत होता, आणि त्याचं ते जिनसेंग. मी प्योंच्या दारावर मूठ आपटली.

"आत्ताच्या आत्ता खाली या आणि स्वतः बघा. नाहीतर नगरपालिकेत जाते, आणि नेटचं नाही, बॉयलरचं बोलायला."

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चपला घातल्या आणि खाली आले.

त्यांना मी माझ्या खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा चालू केला. पडद्यावर ते दिसले, टोपी घातलेले, कपाळाला आठ्या.

"चांगलं तर दिसतंय," ते म्हणाले.

"थांबा जरा."

पावसाचा आवाज होता, बाकी काही नाही. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, बोटं घट्ट रोवलेली. मला दिसत होते. आणि पडद्यावर त्यांचे हात सावकाश वर आले.

"हे... हे मागचं काही दाखवतंय का?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाला खुणांच्या भाषेतली एक खूण येत नव्हती. पण पडद्यावरचे हात सफाईने, झपाट्याने बोलत होते. रागावलेलं माणूस बोलतं तसे, एकेक खूण आपटत. मी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हात बोलले की माझं तोंड उघडतं.

"मी तुला सांगितलं होतं," मी म्हणाले. "पाइप निखळलाय, मी तुला दाखवला. तू हसलास."

प्योंनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलताय तुम्ही?"

"माझं डोकं जड झालं. पाय उचलेनात. मी झाडूचा दांडा छताला आपटला. मला ऐकू येत नाही, पण तुला येतं. तू ऐकलंस. तू पाय आपटून मला गप्प केलंस."

"बंद करा ते..."

"मग मी हातांनी हाक मारली. पडद्यावरची बाई म्हणाली, चित्र अडकलंय, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा सांगा... पुन्हा सांगा..."

जळका वास आता इतका दाटला होता की माझे डोळे चुरचुरायला लागले. प्यो खुर्चीतून उठायला बघत होते, पण पडद्यावरचा माणूस उठत नव्हता. तो बसूनच होता आणि त्याचे हात चाललेच होते. मालक तसेच, अर्धवट वाकलेले, त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तिला सांगा... मला वाटलं, नेहमीची कटकट करतेय. सांगा ना तिला. तुम्हाला येतं ना ते."

दुभाष्याने दोन्हीकडचं सांगायचं असतं, हेही नियमातच आहे. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"चित्र अडकलंय," मी म्हणाले. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"पुन्हा सांगा."

ते भिंतीला धरत धरत जिना चढून गेले. मी खिडकी उघडली. त्या संध्याकाळी नेट असं पळालं की काय सांगू.

मी महिनाभरात खोली सोडली. त्याआधीच प्यो गेले होते. इमारत दलालाच्या हवाली केली, तो टीव्हीसुद्धा तसाच टाकला आणि रातोरात कुठे गेले, कुणाला सांगितलं नाही. मी इथे आले. नवं घर, स्वतःची लाइन, चित्र आरशासारखं.

पण मग माणसं मला विचारायला लागली. आधी देगूचा एक दुकानदार. त्याचं काम संपलं आणि त्याने खुणेने विचारलं, 'तुमच्या मागे उभ्या आहेत त्या बाई कोणावर एवढ्या चिडल्यात?' मी वळून पाहिलं. भिंत होती. पुढे आणखी काहीजण बोलले. काही नुसतेच माझ्या खांद्यापलीकडे बघून मान हलवायचे, 'माहीत नाही' अशी.

गेल्या हिवाळ्यात थोंगयंगच्या एका म्हाताऱ्या बाईंना दातांच्या डॉक्टरची वेळ बदलून हवी होती. ते झाल्यावर त्या थोड्या घुटमळल्या.

'त्या बाई विचारत होत्या,' त्यांचे हात म्हणाले, 'प्यो नावाचा टोपीवाला कुठे राहायला गेला म्हणून. आमच्याच इमारतीत आलाय की, माझ्या वरच्या मजल्यावर. मी सांगितलं त्यांना.' मग माझा चेहरा बघून, 'सांगायला नको होतं का?'

प्योंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी तो काढला, बराच वेळ बघत बसले. आणि त्या पोराच्या आईचे हवेत गोठलेले हात आठवले तशी फोन पालथा ठेवला.

त्या दिवसापासून माझ्या मागे कुणाला कोणी दिसलेलं नाही. फक्त थोंगयंगच्या त्या म्हातारीचा फोन आला की चित्र मधेच अडकतं. मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, आमची लाइन तर नवीकोरी आहे... फक्त खोलीत कसलातरी जळका वास येतो, आणि वरचा माणूस हल्ली दिवसभर जमिनीवर काहीतरी आपटत असतो. त्याने आमचीही जमीन थरथरते, म्हणाल्या. त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून पायांना कळतं.