रीची म्हणायला उशीर

उत्तर जपानमधल्या हाकोदातेत, सोंगट्यांच्या माहजोंग खेळाच्या खोलीत मालकीण फुसाए काकू, त्यांचे यजमान आणि नेहमी येणारी कानाए जमले होते, पण चौथा गडी मिळेना. तेवढ्यात चष्म्याचं दुकान शोधत एक तरुण चुकून जिना चढून आला. काकूंनी त्यालाच धरलं.

"अहो, खेळता येतं का?"

"येतं… हरता तर फारच छान येतं!" कोटावरचा बर्फ झटकत तो कानाएसमोर बसला.

मिनेओ त्याचं नाव. दूर दक्षिणेकडच्या नागासाकीचा. इथे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मग दर रविवारी दुपारी तो येऊच लागला.

जिंकायला एकच सोंगटी कमी असली, की तो लगेच "रीची!" म्हणे. एकदा रीची म्हटलं की हातातल्या सोंगट्या बदलता येत नाहीत. जिंकलात तर गुण जास्त, पण तुम्ही टपून बसलाय हे साऱ्यांना कळतं. कानाए कधीच म्हणत नसे. तयार डाव घेऊन गप्प बसे… आणि नेमकी मिनेओने टाकलेली सोंगटी उचलून जिंके.

"आतल्या गाठीच्या आहात हं!"

"आणि तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"मग तुम्ही सांगा ना काही—"

"काय सांगू?"

"डोळे सांगतात तेच."

कानाएने चहाच्या कपाआड तोंड लपवलं. कान मात्र लाल झाले होते.

एका संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर तो म्हणाला, "नागासाकीला बदली देतायत. जाऊ का?"

नको! पण त्याच्या मनात नक्की काय आहे? थोडं थांबू… "गाव छान आहे म्हणतात," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी तो शेवटचा खेळायला आला. कानाएचा डाव केव्हाचा तयार होता. सवयीने ती गप्प राहिली. मग त्याच्या हातांकडे बघता बघता एकदम म्हणाली, "रीची!"

"अगं, आता कुठली रीची?" फुसाए काकू हसल्या. "रीचीला उचलायच्या चार तरी सोंगट्या शिल्लक लागतात. इथे दोनच आहेत."

काकूंचे यजमानही हसले. मिनेओ हसला नाही.

थांब्यावर तिने त्याची बाही धरली. "मिनेओ-सान… जाऊ नका."

"त्या दिवशी मी दोन ट्रामी सोडल्या, कानाए-सान. वाटलं, तुम्ही मागे फिराल."

"कोपऱ्यापर्यंत परत आले होते."

"मग?"

"…वाटलं, तुम्ही हसाल."

"आत्याने तिकडे स्थळ आणलं होतं. परवा मी होकार कळवला. ती मुलगी… चांगली आहे हो. तिला शब्द दिलाय."

कानाएने बाही सोडली.

ट्राम आली. तो चढला. काचेवरची वाफ त्याने तळव्याने पुसली आणि तिच्याकडे पाहिलं. मग काय करावं ते न सुचून दोघांनीही एकमेकांना वाकून नमस्कार केला— परक्या माणसाला करतात तसा.